पाठ, प्रती आणि जागा : वाङ्मयीन डेटाबेसच्या राखीव प्रतींचे मोजमाप

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला प्रतींचा विचार नवा नाही. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची. एकनाथांनी तिची पाठशुद्धी केली ती शके १५०६ मध्ये. मधल्या सुमारे तीन शतकांत प्रत उतरवणाऱ्यांच्या हातून पाठात किती भेद शिरले असतील, याची जाणीव त्या शुद्धीच्या मुळाशी होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उभी राहिली, तीही निरनिराळ्या प्रांतांत व निरनिराळ्या लिप्यांत जपल्या गेलेल्या प्रतींच्या बळावर. एकाच ठिकाणी एकच प्रत उरली असती, तर त्या पाठचिकित्सेला आरंभच करता आला नसता.

आज पोथ्यांच्या वर्णनात्मक सूची, संहितांची लिप्यंतरे आणि पाठभेदांच्या नोंदी संगणकावरील डेटाबेसमध्ये भरल्या जात आहेत. असा डेटाबेस नष्ट झाला किंवा बिघडला तर तो पुन्हा उभा करता यावा, म्हणून त्याची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घ्यावी लागते. या प्रतींसाठी किती जागा लागेल, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांच्या कक्षेबाहेरचा समजला जातो आणि तंत्रज्ञावर सोपवला जातो. तंत्रज्ञ आजच्या आकाराला दोनाने किंवा तिनाने गुणून उत्तर देतो, आणि खरेदीच्या अर्जावर तो आकडा चढतो.

या गुणाकारात एक मोठी गोष्ट गृहीत धरलेली असते. राखीव प्रतींना लागणारी जागा संग्रहाच्या आजच्या आकारावर जितकी अवलंबून असते, तितकीच, किंबहुना अधिक, ती किती मागे जाता यावे या अपेक्षेवर अवलंबून असते. किती मागे जाता यावे, हे चूक किती उशिरा ध्यानात येते यावरून ठरते. वाङ्मयीन संग्रहातील चूक किती उशिरा ध्यानात येते, हे मात्र संपादकच सांगू शकतो. म्हणून हा हिशेब त्याने स्वतः समजून घेणे आवश्यक ठरते.

२. मजकुराचे माप

पहिले पाऊल मूळ मजकूर मोजण्याचे. संगणकात मजकुराचे माप बाइटमध्ये होते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ च्या भारतीय मानकाने निश्चित केलेल्या इस्की संकेतात देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला १ बाइट पुरत असे. आज सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, तर रोमन अक्षराला किंवा शब्दांमधील मोकळ्या जागेला १ बाइट पुरतो. येथे ‘चिन्ह’ म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. व्यंजन, हलन्त, काना, मात्रा ही सारी वेगवेगळी चिन्हे मोजली जातात. ‘ज्ञानेश्वर’ या शब्दात वाचकाला चार अक्षरे दिसतात. संगणकाच्या लेखी त्यात १० चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तो शब्द ३० बाइट व्यापतो. इंग्रजी मजकुरावर बेतलेले अंदाज मराठी संग्रहाला लावले की ते तोकडे पडतात, त्याचे कारण हे आहे.

विवेचनासाठी एक कल्पित संग्रह घेऊ. त्यात १२,००० पोथ्यांची वर्णनात्मक सूची असून प्रत्येक नोंद सरासरी २,००० चिन्हांची आहे. शिवाय त्यांपैकी ६०० पोथ्यांचे संपूर्ण लिप्यंतर झाले असून प्रत्येक पोथी सरासरी १,५०,००० चिन्हांची आहे. दर सात चिन्हांमागे एक मोकळी जागा धरली, तर एका चिन्हामागे सरासरी २.७ बाइट येतात. सूचीची २.४ कोटी चिन्हे सुमारे ६५ मेगाबाइट व्यापतील आणि लिप्यंतरांची ९ कोटी चिन्हे २४३ मेगाबाइट. एकूण मजकूर ३०८ मेगाबाइट झाला.

हा आकार संकोचनाने, म्हणजे कॉम्प्रेशनने, बराच कमी करता येतो. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी एकच असतो आणि दुसरा दोन ठरावीक बाइटांपैकी कोणता तरी एक असतो. वेगळेपणा मुख्यतः तिसऱ्यात असतो. अशी पुनरावृत्ती संकोचनाच्या पद्धती सहज टिपतात. त्यामुळे लिपीने लादलेली तिप्पट पुष्कळ अंशी राखीव प्रतीत वसूल होते. नेमके प्रमाण प्रत्येक संग्रहाने आपल्या मजकुरावर प्रत्यक्ष मोजावे. पुढील हिशेबासाठी एक चतुर्थांश हे प्रमाण धरले आहे. त्याप्रमाणे संकोचित प्रत ७७ मेगाबाइटांची होईल.

३. चालू डेटाबेस आणि त्याची प्रत

दुसरे पाऊल कोणत्या प्रकारची प्रत घ्यायची हे ठरवण्याचे. पोस्टग्रेस ही अनेक संस्थांत वापरली जाणारी मुक्त डेटाबेस-प्रणाली उदाहरणादाखल घेतली, तर तिच्यात दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिल्या मार्गात पीजी-डम्प या साधनाने डेटाबेसमधील आशय बाहेर लिहून काढला जातो. शब्द जलद सापडावेत म्हणून बांधलेल्या अनुक्रमणिकांचा आशय त्यात उतरत नाही. त्या कशा बांधायच्या एवढी सूचना तेवढी उतरते. दुसऱ्या मार्गात डेटाबेसच्या फायलींची जशीच्या तशी नक्कल केली जाते. तिच्यात अनुक्रमणिका येतात, तसेच दुरुस्तीनंतर मागे राहिलेल्या जुन्या ओळींचे अवशेषही येतात.

या भेदामुळे चालू डेटाबेसच्या आकारावरून राखीव प्रतीचा आकार ठरवणे फसवे असते. वर घेतलेल्या संग्रहावर शब्दशोधाच्या अनुक्रमणिका बांधल्या आणि चालू डेटाबेस १ गिगाबाइटपर्यंत वाढला असे धरले, तरी पीजी-डम्पची संकोचित प्रत ७७ मेगाबाइटांचीच राहील. उलट ती प्रत परत चालू करून पाहायची तर पूर्ण १ गिगाबाइट जागा मोकळी लागेल, कारण अनुक्रमणिका तेथे नव्याने बांधल्या जातील. परत चालू करून न पाहिलेली प्रत ही प्रत आहे की नाही हे कोणासच ठाऊक नसते. म्हणून ही मोकळी जागा अंदाजात आधीच धरली पाहिजे.

४. पिढ्यांचा हिशेब

एकच राखीव प्रत ठेवून ती रोज बदलत गेल्यास कालची चूक आज राखीव प्रतीतही शिरते. म्हणून प्रतींच्या पिढ्या राखल्या जातात. प्रचलित पद्धतीत मागील सात दिवसांच्या सात, चार आठवड्यांच्या चार आणि बारा महिन्यांच्या बारा, अशा २३ प्रती ठेवतात. पिढ्यांच्या या रचनेस तंत्रज्ञ आजोबा, वडील व मुलगा अशी नावे देतात, आणि घराण्याची उपमा येथे शोभूनही दिसते.

७७ मेगाबाइटांच्या २३ प्रती १,७७१ मेगाबाइट व्यापतात. नवी प्रत पूर्ण होऊन तपासली जाईपर्यंत जुनी पुसू नये. त्यासाठी आणखी एका प्रतीची जागा धरली की १,८४८ मेगाबाइट होतात. संग्रह दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढतो असे मानले, तर तीन वर्षांत तो १.३३१ पट होईल आणि प्रतींना सुमारे २,४६० मेगाबाइट लागतील. परत चालू करून पाहण्याची जागा मिळवली, तरी एकूण अपेक्षा ४ गिगाबाइटांच्या आतच राहते. सहाशे पोथ्यांचे लिप्यंतर आणि बारा हजार पोथ्यांची सूची यांचा वर्षभराचा इतिहास इतक्या थोड्या जागेत मावतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मोठ्या डेटाबेसच्या बाबतीत जागा वाचवण्यासाठी केवळ बदललेला भाग जतन केला जातो. पूर्ण प्रत १० गिगाबाइट आणि रोजचा बदल ०.२ गिगाबाइट असेल, तर आठवड्याच्या सात पूर्ण प्रतींना ७० गिगाबाइट लागतात. एक पूर्ण प्रत आणि नंतर रोज त्या पूर्ण प्रतीपासूनचा सर्व बदल ठेवल्यास १४.२ गिगाबाइट पुरतात. रोज फक्त आदल्या दिवसापासूनचा बदल ठेवल्यास ११.२ गिगाबाइट भागतात. मात्र या शेवटच्या पद्धतीत प्रत्येक दिवस आदल्या दिवसावर उभा असतो. मंगळवारची फाईल बिघडली की बुधवारपासूनचे सारे निरुपयोगी. पोथ्यांची वंशावळ मांडणाऱ्यास हे सांगावे लागू नये. मधली प्रत हरवली की पुढच्या प्रतींचा मुळाशी असलेला संबंध तुटतो. पोथ्यांच्या बाबतीत तर्काने तो जोडता येतो, येथे तेही साधत नाही. संग्रह लहान असेल तर हा मोह टाळणेच श्रेयस्कर.

५. बदलांची नोंदवही

रात्री घेतलेली प्रत दुसऱ्या दिवशीच्या कामाला उपयोगी पडत नाही. दिवसभरात पाच सहायकांनी उतरवलेली पत्रे सायंकाळी नष्ट झाली, तर ती पुन्हा उतरवावी लागतील. त्यासाठी पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका नोंदवहीत लिहिते आणि तिचे भाग बाहेर जतन करता येतात. हे भाग सामान्यतः १६ मेगाबाइटांचे असतात. भाग भरण्याची वाट न पाहता ठरावीक काळाने तो बंद करून बाहेर पाठवावा, अशी योजना करता येते. परंतु अर्धवट भरलेला भागही पूर्ण १६ मेगाबाइट व्यापतो.

यातून अनपेक्षित आकडे निघतात. दिवसभर थोडे थोडे काम चालू असेल आणि दर पाच मिनिटांनी भाग बंद होत असेल, तर दिवसाला २८८ भाग, म्हणजे ४,६०८ मेगाबाइट होतात. जो डेटाबेस स्वतः १ गिगाबाइटचा आहे, त्याची एका दिवसाची नोंदवही त्याच्या साडेचार पट! चौदा दिवसांत तिला सुमारे ६४.५ गिगाबाइट लागतील. हीच मुदत एक तासाची केली तर चौदा दिवसांना ५.४ गिगाबाइट पुरतात. भागांतील बराचसा अंश रिकामा असल्याने संकोचनानंतर हा बोजा पुष्कळ हलका होतो, पण संकोचनाची सोय आधी करून ठेवली असेल तरच. आणखी एक सावधगिरी अशी, की ही नोंदवही पीजी-डम्पच्या प्रतीवर चढवता येत नाही. तिला फायलींची तंतोतंत नक्कल लागते, आणि त्या नकलेची जागा वेगळी धरावी लागते.

पाच मिनिटे की एक तास, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. वस्तुतः किती काम पुन्हा करण्याची तयारी आहे, असा तो प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर काम करणाऱ्यांनीच द्यायचे असते.

६. प्रतिमांचा वेगळा विचार

पोथ्यांची छायाचित्रे या हिशेबात आणली की सारी प्रमाणे बदलतात. ६,००० गुणिले ४,००० बिंदूंची रंगीत प्रतिमा, दर बिंदूस ३ बाइट धरून, असंकोचित अवस्थेत ७२ मेगाबाइटांची होते. ६०० पोथ्या, प्रत्येकी १०० पत्रे, पत्राच्या दोन बाजू, अशा १,२०,००० प्रतिमांना ८.६४ टेराबाइट लागतात. मजकूर ३०८ मेगाबाइटांचा होता. प्रतिमांचा पसारा त्याच्या सुमारे अठ्ठावीस हजार पट झाला.

सोयीसाठी प्रतिमा डेटाबेसच्या पोटातच साठवल्या, तर डेटाबेसच्या प्रत्येक राखीव प्रतीबरोबर त्या वाहून न्याव्या लागतात. २३ पिढ्यांना १९८ टेराबाइटांहून अधिक जागा लागेल. इतकी जागा मिळत नाही, मग पिढ्या कमी केल्या जातात, आणि मजकुराचा जो इतिहास चार गिगाबाइटांत जपता आला असता तो प्रतिमांच्या ओझ्याखाली दोन-तीन दिवसांवर येऊन ठेपतो. येथे खरे नुकसान होते, आणि ते कोणाच्या नजरेस येत नाही.

प्रतिमा एकदा घेतली की बदलत नाही. तिला पिढ्यांची गरज नाही, सुरक्षित ठिकाणांची आहे. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी, हा सर्वमान्य दंडक येथे पुरेसा आहे; त्याप्रमाणे २५.९२ टेराबाइट लागतील. दुसऱ्या गावाचा आग्रह अनाठायी नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्यात तेथील संग्रहाची जी हानी झाली, तिने एका छपराखालील संग्रह किती असुरक्षित असतो हे दाखवून दिले. उलट तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद महाराष्ट्रापासून दूर, तमिळ भूमीत टिकून राहिले आहेत. इतिहासाने अजाणता केलेले हे कार्य संस्थांनी आता जाणीवपूर्वक करावयाचे आहे.

खरेदीच्या वेळी एक किरकोळ वाटणारा भेदही लक्षात घ्यावा. विक्रेत्याचा १ टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. अनेक संगणक १,०२४ च्या पटीने मोजतात व तीच तबकडी ९३१ गिगाबाइटांची दाखवतात. काठोकाठ केलेला अंदाज एवढ्यानेच चुकतो.

७. लोपलेला अनुस्वार

मजकुराचा इतिहास इतका दीर्घ का हवा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अनुच्चारित अनुस्वार वगळणारे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. जुन्या संहितांत हे अनुस्वार असतात आणि ते निरर्थक नसतात. ‘केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन; बिंदू गेला की दोन्ही रूपे एकच दिसतात.

आता अशी कल्पना करावी, की सूचीच्या भाषेत एकवाक्यता आणण्याच्या हेतूने कोणी हे अनुस्वार काढून टाकण्याची आज्ञा संगणकास दिली, आणि ती सूचीपुरती न राहता लिप्यंतरांनाही लागू झाली. डेटाबेस चालू राहतो, शोध चालू राहतो, कोणतीही सूचना पडद्यावर उमटत नाही. वाचणाऱ्यास मजकूर आजच्या वळणाचा दिसतो, म्हणून खटकतही नाही. पुढे वर्षा-दीड वर्षाने एखादा संपादक मूळ पोथीशी ताडून पाहतो, तेव्हा घोटाळा उघड होतो. कोणत्या ‘केले’वर अनुस्वार होता, हे सांगणारा संगणकीय आज्ञावलीचा कोणताही प्रकार नाही, सहाशे पोथ्या पुन्हा वाचणे एवढाच मार्ग उरतो. राखीव प्रत असली तरी ती बारा महिन्यांचीच असेल, तर तिच्यातही तोच बदललेला पाठ असेल.

म्हणून वाङ्मयीन डेटाबेसला आणखी एक पिढी हवी: दर वर्षाची एक प्रत, कधीही न पुसली जाणारी. तिचा खर्च पाहू. पहिल्या वर्षी ७७ मेगाबाइट आणि दरवर्षी दहा टक्के वाढ धरली, तर पंचवीस वर्षांच्या पंचवीस प्रती मिळून ८ गिगाबाइटांच्या आत मावतात. एका पोथीच्या छायाचित्रांना १४ गिगाबाइटांहून अधिक जागा लागते, हे लक्षात घेतले की पंचवीस वर्षांचा पाठेतिहास जागेअभावी टाकून देण्याचे समर्थन कोणासही करता येणार नाही.

८. मापाची राखण

अंदाजाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो खरेदीनंतर सुरू होतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या आज्ञावली-संग्रह चालवणाऱ्या कंपनीत चुकीच्या संगणकावर दिलेल्या आज्ञेने मुख्य डेटाबेसच्या सुमारे ३०० गिगाबाइटांतील बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअपच्या अनेक योजना कागदावर होत्या. पीजी-डम्पची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने रोजच्या प्रती निघतच नव्हत्या. तयार झालेल्या फायली काही बाइटांच्या होत्या, आणि अपयशाची सूचना देणारी पत्रे पोहोचत नव्हती. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक वेगळी नक्कल सापडली आणि तिच्यावरून काम पुन्हा उभे राहिले. मधल्या तासांतील बदल मात्र गेले. कंपनीने हा सर्व वृत्तांत स्वतःच प्रसिद्ध केला.

आजची प्रत एवढी असायला हवी, हा आकडा रोज प्रत्यक्ष आकाराशी ताडला जात असता, तर काही बाइटांची फाईल पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरली असती. वरील अनुस्वाराच्या उदाहरणालाही हे लागू पडते. लिप्यंतरांत दर साठ चिन्हांमागे एक अनुस्वार गेला असे धरले, तर १५ लाख अनुस्वार, म्हणजे ४५ लाख बाइट कमी होतात. ज्या संग्रहाचा मजकूर रोज सरासरी ०.०८ मेगाबाइटने वाढतो, तो एका रात्रीत ४.५ मेगाबाइटने घटला, तर चौकशी व्हायलाच हवी. चालू डेटाबेसचा आकार पाहणाऱ्यास मात्र हे कळणार नाही. पोस्टग्रेस ओळ बदलताना तिची जुनी आवृत्ती लगेच पुसत नाही; त्यामुळे पाठ आक्रसत असताना चालू डेटाबेस फुगलेला दिसेल. तपासणीसाठी पीजी-डम्पच्या प्रतीचा संकोचनापूर्वीचा आकार रोज नोंदवावा, हे उत्तम.

९. समारोप

वरील विवेचनावरून एक साधी कार्यपद्धती हाती येते. मजकूर आणि प्रतिमा वेगळ्या मोजाव्यात. मजकुराच्या संकोचित प्रतीचा आकार प्रत्यक्ष घेऊन पाहावा, त्यास पिढ्यांच्या संख्येने गुणावे, वाढ मिळवावी, तयार होत असलेल्या प्रतीची आणि परत चालू करून पाहण्याची जागा धरावी. नोंदवही आणि तिला लागणारी फायलींची नक्कल यांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. प्रतिमांच्या मात्र पिढ्या न करता प्रती कराव्यात, आणि त्या दूर ठेवाव्यात.

या हिशेबातील गुणाकार तंत्रज्ञ करील. पिढ्यांची संख्या मात्र त्याने ठरवू नये. आपल्या संग्रहातील चूक साधारण किती काळाने उघडकीस येते, याचा विचार संपादक मंडळाने करावा आणि तो काळ वर्षांत लिहून अर्जास जोडावा. जागेचा अंदाज त्या एका आकड्यापासून सुरू होतो.